आयबीएस आणि नोकरी: सर्टिफिकेटवर 'गॅस्ट्रो' लिहून घेऊ नका

काल रात्री तुमची आयबीएसवरची (आतड्याचा जुना त्रास, पोटात कळ येऊन अचानक शौचाला लागतं) पोस्ट वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. बदलापूरहून कुर्ल्याला जाता, आठवड्यातून दोनदा तरी ठाण्याला उतरून टॉयलेटकडे धावावं लागतं, त्या भीतीने संध्याकाळपर्यंत पोटात काही घालत नाही, टीमबरोबर जेवायला जात नाही म्हणून टीम लीडर म्हणतो याला माणसंच नकोत, आणि साताऱ्याला मावसभावाच्या लग्नाला जावं की काहीतरी कारण सांगावं. २०१३ ते २०१६ माझं अगदी हेच चाललं होतं, फक्त मी डोंबिवली-ऐरोली करायचे, ठाण्याला गाडी बदलून.

मी डॉक्टर नाही. तुमच्या तपासण्या झाल्यात, जुलाबवाला आयबीएस म्हणून सांगितलंय, त्यामुळे त्यात शिरत नाही. पण शौचातून रक्त, आपोआप उतरलेलं वजन, रात्री झोपेतून पोटासाठी उठावं लागणं, कमी हिमोग्लोबिन, यातलं काहीही असेल तर हे वाचत बसू नका, परत डॉक्टरकडे जा.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्ही त्याच रस्त्याला लागलाय असं वाटतंय. तुम्ही लिहिलंय की सुट्टी घेतली की खालच्या डॉक्टरकडून 'फूड पॉयझनिंग' लिहून आणतो. मीही तेच केलं. आमचे फॅमिली डॉक्टर चांगला माणूस, ते विचारायचे काय लिहू, आणि मी म्हणायचे गॅस्ट्रो लिहा, कारण आयबीएस लिहिलं तर ऑफिसात समजावत बसावं लागेल आणि पोटाचं, त्यात शौचाचं, कोणाशी काय बोलणार. एकदा व्हायरल फीव्हर लिहून घेतलं. एकदा ते गावाला गेले होते म्हणून दुसऱ्याच डॉक्टरचं आणलं. वर्षभरात अशी सात सर्टिफिकेटं झाली, सगळी एक-दोन दिवसांची. ज्या दिवशी रजा टाकली नाही त्या दिवशी उशीर झाला की गाडी लेट, मुलगा आजारी, काय वाट्टेल ते सांगितलं.

मग पोटाच्या स्पेशालिस्टने नीट निदान केलं, मी धीर करून त्यांचं पत्र एचआरकडे नेलं, तर तिथल्या बाईंनी माझी फाइल काढून सातही कागद टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, मॅडम, यातलं खरं कुठलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुना आजार आहे असा एकही कागद फाइलला नव्हता, सगळे वेगवेगळे छोटे आजार, त्यामुळे त्यांच्या लेखी ती 'वारंवार गैरहजेरी' ठरली. प्रमोशन गेलं. वर मला एक फॉर्म दिला, त्यात दोन आठवडे टॉयलेटला जाताना आणि आल्यावर वेळ लिहायची. पस्तिशीतली बाई मी, दहा वर्षं नोकरी झालेली, आणि रोज तो कागद सुपरवायझरकडे द्यायचा. आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा हात थरथरतो. नंतर नाइट शिफ्ट लावली, खाण्या-झोपण्याच्या वेळा फिरल्यावर पोट आणखी बिघडलं आणि चार महिन्यांत मी राजीनामा दिला.

म्हणून माझं ठाम मत (तुमच्या ऑफिसची तुम्हाला जास्त माहिती, तरी): याच महिन्यात स्पेशालिस्टकडून लेटरहेडवर निदान लिहून घ्या, 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, जुना आजार, अधूनमधून त्रास वाढतो' एवढं पुरे, आणि यापुढे रजेच्या प्रत्येक कागदावर तेच नाव येऊ दे. कायद्याचा फारसा आधार नाही हेही माहीत असू द्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात आयबीएस नाही. म्हणजे सगळं तुमच्या कागदावर आणि वरिष्ठाच्या समजूतदारपणावर. पुढच्या नोकरीत मी तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरना बाजूला घेऊन सांगितलं की मला आतड्याचा जुना आजार आहे, संसर्गाचा नाही, कधी कधी अचानक दहा मिनिटं उठावं लागतं, काम अडणार नाही, मला फक्त दाराजवळची जागा हवी आणि सकाळची मीटिंग साडेदहानंतर ठेवता आली तर बरं. आजाराचं वर्णन नाही, काय हवं तेवढंच. ते म्हणाले ठीक आहे, माझ्या वडलांनाही असंच आहे. सगळे असे भेटत नाहीत हे मान्य, आणि इंटरव्ह्यूत मात्र मी हे सांगणार नाही.

उपाशी राहणं बंद करा, कृपया. खाल्लं की मोठं आतडं हलायला लागतं, हे सगळ्यांचंच होतं, आपलं जरा जास्त. दिवसभर रिकामं ठेवून रात्री आठला भरपेट जेवलं की तोच झटका मोठा बसतो. सकाळी हा जोर जास्त असतो, म्हणून मी तासभर आधी उठून चहा आणि थोडं खाणं घरीच उरकते, पाऊण तास पोटाला देते, मगच निघते. आणि स्लो लोकल धरा. लोकलमध्ये टॉयलेट नसतं, पण प्रत्येक स्टेशनला उतरता येतं एवढ्या खात्रीनेच माझी अर्धी कळ कमी झाली. वीस मिनिटं जास्त गेली तर जाऊ देत.

खाण्याचं म्हणाल तर मला कांद्याचा संशय सासूबाईंमुळे आला. आमच्याकडे कांदेनवमीला भजी होतात आणि मग चातुर्मास संपेपर्यंत घरात कांदा-लसूण नाही. लागोपाठ दोन वर्षं त्या महिन्यांत माझं पोट बरं आणि दिवाळीनंतर परत सुरू. नंतर आहारतज्ज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचा लो-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ काही काळ टाळायचे) समजावला तेव्हा कळलं की कांदा, लसूण आणि गहू तिन्हींत फ्रुक्टान, म्हणजे नीट न पचणारं एक कर्बोदक, असतं. ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही, त्यामुळे लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर स्वाद उरतो आणि मला त्रास होत नाही, आमटीत उकळून काढल्या तर उपयोग शून्य. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी. पण हे पथ्य जन्मभराचं नाही, दोन ते सहा आठवडे करायचं आणि मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. मी दीड वर्ष ताणलं आणि अशक्तपणा आला, तुम्ही तज्ज्ञाला विचारूनच करा. हॉटेलात 'जैन' मागवलं की कांदा-लसूण टळतं, पण जैन पावभाजीतला पाव गव्हाचाच असतो हे लक्षात ठेवा.

डॉक्टरांनी रात्रीची अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी दिली तर 'ही डिप्रेशनची आहे' म्हणून परस्पर बंद करू नका, आमच्या घरी यावरून फार वाद झाला. इतक्या कमी डोसात ती पोटाच्या दुखण्यासाठीच देतात. मला सकाळी तोंड कोरडं पडायचं, तेवढंच.

आता सातारा. जा. कल्याणहून कोयना एक्स्प्रेस घ्या, एसटीपेक्षा वेळ लागेल पण डब्यात टॉयलेट आहे. आणि मावशीला आठवडाभर आधी स्वतः फोन करा, आईकडून निरोप नको. कांदा-लसूण आणि तळलेलं बंद आहे, ताट मी माझं वाढून घेईन, आग्रह करू नका, इतकंच सांगा. पंगतीत जिलबी घेऊन कोणी समोर उभं राहिलं की नाही म्हणणं जड जातं, फोनवर सोपं जातं. मी आत्याला असंच सांगितलं होतं, तर तिने आचाऱ्याकडून माझ्यासाठी वेगळा मऊ भात आणि मीठ-जिऱ्याचं ताक काढून ठेवलं होतं, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा मी कोणाच्या तरी लग्नात अक्षता टाकायला मांडवात होते.