वाचकांचे प्रश्न : आर पॅकेजमध्ये सी प्लस प्लस

प्रश्न : आर या संख्याशास्त्रीय प्रोग्रॅमिंग भाषेतलं माझं पॅकेज एका लूपपाशी फार रेंगाळतं. तेवढाच भाग सी प्लस प्लसमध्ये लिहायचा आहे. मी विंडोज वापरते. सुरुवात कशी करू?

उत्तर : आधी आरप्रॉफ हे वेळ मोजणारं फंक्शन लावून वेळ खरंच तिथेच जातो का ते बघा. लूपच्या प्रत्येक फेरीत व्हेक्टरला (आकड्यांच्या यादीला) एकेक घटक जोडत असाल, तर सगळा व्हेक्टर पुन्हा पुन्हा कॉपी होतो. आधीच पूर्ण लांबीचा व्हेक्टर करून ठेवलात तर कदाचित सी प्लस प्लसची गरजच पडणार नाही.

तरीही गरज असेल, तर आरटूल्स, म्हणजे विंडोजवर सी प्लस प्लस कम्पाइल करणारी साधनं, बसवा. त्याची आवृत्ती तुमच्या आरशी जुळायलाच हवी : आर 4.4 ला आरटूल्स 44, आर 4.5 ला आरटूल्स 45. मग आरसीपीपी हे आर आणि सी प्लस प्लसला जोडणारं पॅकेज वापरण्यासाठी यूजदिस पॅकेजमधलं यूज-आरसीपीपी हे फंक्शन चालवा. ते सी प्लस प्लस कोडसाठी एसआरसी फोल्डर तयार करतं आणि डिस्क्रिप्शन फाइलमध्ये इम्पोर्ट्स आणि लिंकिंग-टू या दोन्ही ठिकाणी आरसीपीपीचं नाव घालतं. नेमस्पेस फाइलमध्ये कम्पाइल केलेला कोड लोड करणारी यूज-डाइन-लिबची ओळ आली आहे ना, हे डॉक्युमेंट नावाचं फंक्शन चालवल्यावर स्वतः उघडून बघा. ती नसली तर कोड विनातक्रार कम्पाइल होतो, पण फंक्शन वापरताना अंडरस्कोरने सुरू होणारं एक नाव सापडत नाही, अशी एरर येते.

आरमधून बोलवायच्या प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर एक्स्पोर्टची खूण, म्हणजे आरसीपीपी-एक्स्पोर्टची टिप्पणी, हवी. आरसीपीपी-एक्स्पोर्ट्स नावाच्या दोन फाइली आपोआप तयार होतात. त्यांत हाताने बदल करू नका, पुढच्या वेळी ते पुसले जातात.

प्रश्न : व्हेक्टरमधला प्रत्येक आकडा दुप्पट करणारं फंक्शन लिहिलं. उत्तर बरोबर येतं, पण मूळ व्हेक्टरही बदलतो. आणि तोही कधी बदलतो, कधी नाही!

उत्तर : हा दोष भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो, कारण फंक्शनचं उत्तर चुकत नाही. न्यूमेरिक-व्हेक्टर (आरसीपीपीतला दशांश आकड्यांचा व्हेक्टर) हा आकड्यांची प्रत नसतो. आरने ज्या मेमरीत आकडे ठेवले आहेत, तिथेच तो बोट ठेवतो. करून बघा. अ मध्ये 3, 5, 8 ठेवा, मग ब मध्ये अ ठेवा आणि फक्त अ वर फंक्शन चालवा. आता अ आणि ब दोन्ही 6, 10, 16 दाखवतील. ब ला तर तुम्ही हातही लावला नव्हता!

आता अ मध्ये 3:5 ठेवून तेच करा. अ जसाच्या तसा राहील. 3:5 हे आरच्या लेखी पूर्णांक आहेत. ते दशांश प्रकारात आणण्यासाठी आरसीपीपी नवी प्रत काढतं आणि बदल त्या प्रतीत होतो. म्हणून चाचणीत 1:10 वापरलं की हा दोष दिसतच नाही. चाचणीत दोन्ही प्रकारचे आकडे घ्या.

उपाय एका शब्दाचा आहे : क्लोन. आलेल्या व्हेक्टरचा क्लोन नव्या नावात घ्या आणि त्यावर काम करा. नुसतं बरोबरचं चिन्ह लावून प्रत होत नाही.

प्रश्न : एरर न येता अख्खं आर सेशनच बंद पडतं. का?

उत्तर : बहुतेक वेळा लूप एक पाऊल पुढे गेलेला असतो. सी प्लस प्लसमध्ये क्रमांक 0 पासून सुरू होतात, म्हणून 10 घटकांत शेवटचा 9. अटीत 'पेक्षा कमी'ऐवजी 'पेक्षा कमी किंवा समान' लिहिलंत की व्हेक्टरबाहेरच्या मेमरीला हात लागतो. शोध लागेपर्यंत चौकटी कंसांऐवजी गोल कंस वापरा; ते मर्यादा तपासतात आणि सेशन न पाडता एरर देतात.

प्रश्न : विंडोजवर पॅकेज पुन्हा बसवताना 'परमिशन डिनाइड' येतं.

उत्तर : जुनी डीएलएल फाइल (कम्पाइल केलेल्या कोडची) एखाद्या चालू आर सेशनने धरून ठेवली आहे. सगळी सेशन्स बंद करा आणि नव्या सेशनमध्ये, पॅकेज लोड न करता, बसवा.