मानेच्या दुखापतीनंतर डायफ्रामच्या पेसरने व्हेंटिलेटर सुटतो का?

दादा, रावेरला केळीच्या ट्रकवरून पडलेल्या तुमच्या भावाला पेसर, म्हणजे विजेने श्वास चालवणारं यंत्र, चालेल का, हे फ्रेनिक नस जिवंत आहे की नाही यावर ठरेल. ही नस मानेतल्या मज्जारज्जूच्या सी-३, सी-४, सी-५ पातळीतून निघते आणि हृदयाच्या कडेने उतरून डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू, हलवते. डावी वेगळी, उजवी वेगळी. मार याच्या वर असेल तर नस शाबूत राहू शकते, फक्त मेंदूचा हुकूम पोचत नाही. तिथे पेसर विजेचे झटके देऊन श्वास घडवतो. नसेचा उगमच चिरडला असेल तर उपयोग नाही. म्हणून शेत गहाण टाकण्याआधी फ्रेनिक नसेची नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून विजेचा संदेश जातो का याची तपासणी, कराच! पेसर बसला तरी सुस्तावलेला स्नायू तयार व्हायला आठवडे, कधी महिने जातात. तोवर व्हेंटिलेटर हाताशी हवाच.