जर्मनच्या वर्गात पिशवी घेऊन जा

अगं, जर्मन शिकवायला लागल्यावर पहिल्याच महिन्यात घसा बसला म्हणतेस, म्हणजे वर्गात तूच जास्त बोलतेयस. आर्टिकलचा, म्हणजे नामाआधी लागून त्याचं लिंग दाखवणाऱ्या डेर, डी, डास या शब्दांचा, तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी कापडी पिशवीत चमचा, काटा आणि बोथट सुरी घालून ने. मुलांनी न बघता हात घालायचा, वस्तू चाचपायची आणि आर्टिकलसकट नाव सांगायचं: डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. जेवणाच्या टेबलावरच तिन्ही लिंगं सापडतात! मराठी मुलांना नपुंसकलिंग नवं नाही, 'ते' त्यांच्या तोंडी असतंच. फक्त आपली सुरी 'ती' आणि जर्मनमध्ये 'डास', हे त्यांचं त्यांना सापडू दे. माझ्या वर्गात यावरून चांगलं पंधरा मिनिटं भांडण झालं, आणि मेसरचं आर्टिकल पुन्हा कुणी चुकलं नाही.

किमती शिकवताना दोघांना पाठीला पाठ लावून बसव. एकाकडे मंडईतल्या भाज्यांचे भाव, दुसऱ्याकडे नुसती नावं. विचारल्याशिवाय कागद भरणारच नाही. बोलताना मध्येच चूक दुरुस्त करू नकोस, वहीत टिपून घे आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर लिही. मला हे उशिरा कळलं. तोवर दोन-तीन मुलं गप्प झाली होती, त्याचं अजून वाईट वाटतं.

ऐकण्याच्या सरावाला डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ अभ्यासक्रम फुकट आहे, ए१ (अगदी सुरुवातीची पातळी) ते बी१ (मधली पातळी). आणि माक्स म्युलर भवन या जर्मन भाषा-संस्कृती केंद्राच्या ग्रंथालयात एक दुपार काढच.