यूव्हीखाली फॉसिल उजळतं, मग फोटो जांभळाच का येतो?

प्रश्न: माझ्याकडे चुनखडीच्या पातळ पाटीत दबलेला एक छोटा मासा आहे. अंधारात ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा यूव्ही (अतिनील) टॉर्च मारला की हाडं थोडी उजळलेली वाटतात, पण मोबाईलमध्ये फोटो सगळा जांभळा येतो. आणि पोटाजवळ एक पिवळट डाग चमकतो, तो आतड्याचा असेल का? अजून पॉवरफुल टॉर्च घेऊ का?

उत्तर: पॉवर वाढवू नका, जांभळाही तेवढाच वाढेल. हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट यूव्ही शोषून घेतं आणि त्या बदल्यात डोळ्याला दिसणारा उजेड बाहेर टाकतं, आपल्याला हवा तो हाच उजेड, पण तो अतिशय मंद असतो आणि दगडावर आपटून परत येणारा टॉर्चचा उजेड त्याला पार झाकून टाकतो. ३९५ चा टॉर्च तर दिसणाऱ्या जांभळ्या रंगाच्या अगदी काठावर, म्हणजे तुमचा कॅमेरा फॉसिलचा नाही, टॉर्चचाच फोटो काढतोय.

म्हणून ३६५ चा टॉर्च घ्या, आणि त्याच्या तोंडावर काळी काच असलेला बघा, ती काच उरलासुरला जांभळा अडवते. दुसरा फिल्टर लेन्सवर, यूव्ही अडवणारा. दुकानात यूव्ही म्हणून मिळणारे बरेच स्वस्त फिल्टर ३६५ नीट अडवत नाहीत, फिकट पिवळसर फिल्टर चांगला, पण गडद पिवळा लावलात तर हाडांची निळसर चमकही कापली जाते. टॉर्चवर एक आणि लेन्सवर एक, ही जोडी जमली की निम्म्याहून जास्त काम झालं.

बाकी सोपंय. मोबाईलपेक्षा मॅन्युअल सेटिंगचा कॅमेरा बरा. ट्रायपॉड लावा, खोलीतला दिवा चालू असतानाच फोकस करून तो मॅन्युअलवर लॉक करा, मग पूर्ण अंधार, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० किंवा २००, एफ ८ (लेन्सचं छिद्र) आणि १० ते ३० सेकंद एक्स्पोजर. तेवढ्या वेळात टॉर्च एका जागी न धरता चारी बाजूंनी सावकाश फिरवत राहा. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणं) बंद, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. आणि आधी पाटीवरची धूळ, कापडाचे तंतू नीट काढा, ते यूव्हीखाली निळे चमकतात आणि बघणाऱ्याची फसगत होते. टॉर्चकडे सरळ बघू नका, यूव्ही अडवणारा चष्मा घालाच.

आता तो डाग. मला इथे घाई नको वाटते, कारण डिंक, लाखेचं पॉलिश, दुरुस्तीसाठी भेगांत भरलेला लगदा, हे सगळंही चमकतं. भिंगातून बघा, चमक भेगेवरून सलग जात दगडावरही पसरली असेल किंवा ब्रशचे फटकारे दिसत असतील तर तो बहुतेक डिंकच. हाडांच्या चौकटीत नेमका बसत असेल तर मात्र विषय रंगतो, तो शरीराच्या मऊ भागाचा असू शकतो, यूव्हीखाली असे भाग कधीकधी उठून दिसतात. चीनमधल्या मायक्रोरॅप्टरच्या, म्हणजे चार पंखांच्या छोट्या डायनासोरच्या फॉसिलमध्ये साध्या उजेडात पिसं हाडांपासून तुटलेली वाटायची, मधे मोकळी जागा, २०१० मध्ये यूव्हीखाली बघितल्यावर कळलं की पिसं हाडांजवळपर्यंत पोचलेली आहेत! जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीतले नमुने तर यूव्ही फोटोग्राफीसाठी प्रसिद्धच आहेत, तिथे जीवाश्म अभ्यासक हेल्मुट टिश्लिंगर यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलंय आणि मायक्रोरॅप्टरच्या अभ्यासातही ते होते. प्रत्येक फॉसिल असं चमकत नाही, लोह जास्त असलं की चमक मरते, तुमची पाटी चुनखडीची आहे ही चांगली गोष्ट.

यूव्हीचा फोटो झाला की कॅमेरा तसूभरही न हलवता एक फोटो साध्या उजेडात काढा. दोन्ही एकमेकांवर ठेवून बघितले की डाग हाडाला धरून आहे का भेगेला, ते लगेच दिसेल. दोन्ही पाठवा, मी बघतो.