'मेडिकल असिस्टंट'ची फी भरायच्या आधी

बार्शीहून एका ताईंचं पत्र आलंय. लेक बारावी सायन्स झाली, पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ५८ टक्के, नीटमध्ये काही जमलं नाही. तालुक्यातला एक इन्स्टिट्यूटवाला म्हणतोय सहा महिन्यांचा मेडिकल असिस्टंट कोर्स करा, ६५ हजार फी, लगेच डॉक्टरांच्या हाताखाली नोकरी, पुढे अमेरिकेत चान्स. आणि घरातले म्हणतायत, हे तर आयाबाईचं काम, शिकलेल्या पोरीला कशाला तिकडे घालताय.

ताई, आधी अमेरिकेचं बोलू, कारण ६५ हजार त्या नावावरच मागतायत. तिकडे मेडिकल असिस्टंट असतात हे खरंय. क्लिनिकमध्ये पेशंटला आत घेणं, बीपी-वजन घेणं, रक्त काढणं, अपॉइंटमेंट बघणं, सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि नर्ससारखं लायसन्स त्यांना बहुतेक राज्यांत नसतं. फिजिशियन असिस्टंट वेगळा बरं का, तो मास्टर्स करून, लायसन्स काढून पेशंट तपासतो, औषधं लिहितो. एजंट पगार या दुसऱ्याचा दाखवतात आणि कोर्स पहिल्याच्या नावाचा विकतात. आपल्याकडेही फिजिशियन असिस्टंटची डिग्री आहे, हे शिक्षण १९९२ मध्ये चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केलं, पण ती डिग्री काही सहा महिन्यांत होत नाही.

आता आपल्याकडचं. २०२१ साली केंद्राने अलाइड हेल्थवाल्यांसाठी, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून टेक्निशियन वगैरे लोकांसाठी, कायदा केला, त्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला कमीत कमी दोन वर्षं आणि २००० तासांचं शिक्षण लागतं. सहा महिन्यांचा कागद त्यात बसतच नाही. तो बसतो जनरल ड्यूटी असिस्टंटच्या, म्हणजे वॉर्डात नर्सच्या हाताखाली मदत करणाऱ्याच्या, कामात, आणि तो कोर्स सरकारी कौशल्य योजनेतून बऱ्याच ठिकाणी फुकट होतो, मग ६५ हजार कशाचे?

घरच्यांचं म्हणणं मात्र मला पटत नाही. झोपून असलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून जखमा, होतात, पाणी किती प्यायला लघवी किती झाली ते चार्टवर लिहायचं, ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेल्या आजोबांना नातेवाईकांनी गुपचूप चहा तर पाजला नाही ना ते बघायचं, ही कामं नीट झाली नाहीत तर मोठ्यातला मोठा सर्जनही अडकतो. यात कमीपणा कसला? अडचण दुसरीच आहे. छोट्या हॉस्पिटलात पांढरा एप्रन घातला की पेशंट सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात, मग मॅनेजमेंटही तसंच वागवते, नाईटला एकटीच पोरगी, तिलाच सलाईन लाव म्हणतात, इंजेक्शन दे म्हणतात, पगार असिस्टंटचा आणि काम नर्सचं. काही कमीजास्त झालं तर तिच्या नावावर नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नाही, पोरगी एकटी पडते. आणि पाच वर्षांनीही पद तेच, कारण त्या कागदावरून वर जायची शिडीच नाही.

म्हणून मी काय म्हणतो, ५८ टक्क्यांत बी.एस्सी. नर्सिंगची पात्रता बसते, चार वर्षं, त्याला राज्याच्या सीईटी सेलची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. एवढी वर्षं परवडत नसतील तर नर्सिंगचेच छोटे कोर्स आहेत, जीएनएम तीन वर्षं, एएनएम दोन. नर्सिंग नकोच असेल तर लॅब किंवा ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनचा डिप्लोमा बघा, पण मान्यता कुणाची आहे आणि शेवटी रजिस्ट्रेशन कुठे होतं हे लेखी मागा, तोंडी नको. घरात पैशांची अगदीच निकड असेल तर फुकटचा असिस्टंट कोर्स करून कमवायला लागली तरी हरकत नाही, फक्त वर्षभरात नर्सिंगला ॲडमिशन घ्यायचं हे आत्ताच ठरवून ठेवा, एकदा पगार सुरू झाला की शिक्षण मागे पडतं, हे मी फार बघितलंय.

त्या इन्स्टिट्यूटवाल्याकडे सर्टिफिकेटचा नमुना मागा, तोही मागच्या बॅचचा. दिला तर फोटो पाठवा, खाली सही-शिक्का कुणाचा आहे बघून सांगतो. तोवर ॲडव्हान्स म्हणूनही एक रुपया देऊ नका.