मिस्टरांच्या नावची टॅक्स डिमांड आणि बँकेत अडकलेलं खातं

प्रश्न : माझे मिस्टर एप्रिल २०२१ मधे कोरोनात गेले. महाराणी रोडवर पंपाच्या पार्टचं छोटं दुकान होतं, ते तेव्हापासून बंदच आहे. गेल्या महिन्यात बँकेत गेले तर म्हणे जॉइंट खात्यावर इनकम टॅक्सचा होल्ड आहे. मुलाने त्यांचा जुना पासवर्ड टाकून पोर्टल उघडलं तर असेसमेंट इयर २०१७-१८ ची (म्हणजे २०१६-१७ च्या कमाईवरची) ६ लाख ८० हजारांची डिमांड, नोटबंदीत बँकेत भरलेल्या ६ लाखांवर. ऑर्डर डिसेंबर २०१९ ची. आम्हाला एक कागद आला नाही, सगळं रिटर्न भरणाऱ्या वकीलसाहेबांच्या ईमेलवर जायचं. आता एकजण म्हणतो दोन लाख द्या, आत सेटिंग आहे, मिटवून देतो. दीर म्हणतात दुकान विकून मोकळ्या व्हा. वकील करू की सीए? — एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी दोन गोष्टी करू नका, मग वकील-सीए बघू. त्या सेटिंगवाल्याला एक रुपया देऊ नका. डिमांड कमी होते ती कागदावरच्या ऑर्डरने, कुणी आतून फोन केल्याने होत नाही. अमेरिकेत कर थकलेल्या माणसाला थकबाकीपेक्षा कमी रक्कम ऑफर करून मिटवायची सोय आहे, त्याच्या जाहिराती बघून इथेही लोकांना वाटतं की घासाघीस चालते, पण आपल्याकडे तसा काही फॉर्म नाहीये, टॅक्सची तडजोड करणारं सेटलमेंट कमिशनही १ फेब्रुवारी २०२१ पासून बंद झालं. आणि टॅक्सचे जुने वाद मिटवायची सरकारची ‘विवाद से विश्वास’ ही २०२४ ची स्कीम होती ती ३० एप्रिल २०२५ ला संपली.

दुसरं, दुकान विकू नका. दिरांचा हेतू चांगला असेल पण सल्ला उलटा आहे. कायदा असा की गेलेल्या माणसाचा टॅक्स वारसाने द्यायचा तो फक्त त्याने मागे जे ठेवलं त्याच्या किमतीपर्यंत, कलम १५९. तुमच्या स्वतःच्या कमाईची बचत, तुमचे माहेरचे दागिने, याला कुणी हात लावत नाही. पण थकबाकी उभी असताना तुम्ही त्यांची मालमत्ता विकलीत तर तेवढ्या किमतीपुरती जबाबदारी तुमच्या अंगावर येते, म्हणजे जे कवच आज आहे ते आपल्याच हाताने काढून टाकायचं.

आता जुना पासवर्ड वापरणं बंद करा. तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून लीगल हेअर, म्हणजे कायदेशीर वारस, म्हणून रजिस्टर व्हा, त्याला डेथ सर्टिफिकेट, दोघांचे पॅन आणि वारसाचा कागद लागतो. बँकेने लेटरहेडवर शिक्का-सही करून तुम्ही जॉइंट होल्डर आहात असं लिहून दिलेलं पत्रही चालतं, त्यामुळे लगेच कोर्टात धावायची गरज नाही. रजिस्टर करताना ईमेल आणि मोबाईल स्वतःचा द्या, पुन्हा वकीलसाहेबांचा नको. (माझ्या चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमधे निम्मी दुखणी या एका ईमेलच्या रकान्यातून निघालीत, लोक बँकेचा ओटीपी कुणाला देत नाहीत आणि इनकम टॅक्सचा अख्खा पत्ता दुसऱ्याचा देतात.)

मग ऑर्डर डाउनलोड करून वाचा. माझा अंदाज, कुणी उत्तर दिलं नाही म्हणून ऑफिसरने कलम १४४ खाली एकतर्फी ऑर्डर काढली आणि ६ लाख बेहिशोबी धरले. त्या वर्षी अशा रकमेवर ६० टक्के टॅक्स, त्यावर २५ टक्के सरचार्ज, वर सेस, म्हणजे ७७.२५ टक्के. ६ लाखांवर ४ लाख ६३ हजार ५०० झाले, उरलेलं व्याज असणार. शिवाय डिमांड न भरल्याचं महिन्याला एक टक्का, म्हणजे ६,८०० रुपये, वेगळं चढतंय. पुढे ते माफ करायचा अर्ज करता येतो, पण ती नंतरची गोष्ट.

खरा बचाव तुमच्या माळ्यावर आहे. पंपाचे पार्ट रोखीत विकणाऱ्या माणसाच्या गल्ल्यात रोकड असणारच! कार्बन कॉपीची बिलबुकं, कॅशबुक, व्हॅटची रिटर्न्स, २०१६ चं बँक स्टेटमेंट, उंदरांनी कुरतडलेलं असलं तरी काढा. ऑक्टोबरमधे खात्यातून काढलेली रक्कम नोव्हेंबरमधे परत भरली असेल तर तेही दिसेल.

या कागदांवर अपील करायचं, फॉर्म ३५, ऑनलाइन, फी जास्तीत जास्त १,००० रुपये. मुदत ३० दिवसांची होती, ती जानेवारी २०२० मधेच गेली, म्हणून सुप्रीम कोर्टाने कोरोनाची जी सूट १५ मार्च २०२० पासून दिली ती तुम्हाला लागत नाही (कुणी लागते म्हणालं तर तो ऑर्डरची तारीख न बघता बोलतोय). उशीर माफ करायचा वेगळा अर्ज जोडावा लागेल, त्यात ईमेल दुसऱ्याचा होता, मिस्टर कधी वारले, तुम्हाला कळलं कधी, हे तारीखवार लिहा आणि बँकेचं होल्डचं पत्र लावा. माफी मिळेलच अशी गॅरंटी कुणी देऊ शकत नाही.

अपील टाकल्यावर वसुली थांबवायचा अर्ज. साधारण नियम असा की वादातल्या रकमेच्या २० टक्के भरले की अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबतात, तुमचे १ लाख ३६ हजार होतात, परिस्थिती दाखवून कमी किंवा हप्त्याने मागता येतं. आणि बँकेच्या खात्याबद्दल लगेच लिहा. जॉइंट खात्यात दोघांचा वाटा सारखा धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे अर्धे तर तुमचेच, आणि २०२१ नंतरचा पैसा फक्त तुमचा असेल तर पासबुकासकट तसं सांगा. हे पत्र पोर्टलवर टाकाच, पण एक कॉपी व्हाइट चर्चसमोरच्या आयकर भवनात देऊन पोचेचा शिक्का घ्या.

वकील की सीए? अपिलात आणि पुढे इंदूरच्याच इनकम टॅक्स ट्रिब्युनलच्या (अपिलावरच्या अपिलाच्या) बेंचसमोर दोघेही उभे राहू शकतात, हायकोर्टात फक्त वकील. तुमचं प्रकरण हिशोबाचं आहे, मी सीएकडे गेलो असतो, पण ज्याने अपिलं लढवलीत अशाच, नुसती रिटर्न्स भरणाऱ्याकडे नाही. फी आधी ठरवून लिहून घ्या. ‘वाचवलेल्या रकमेचे इतके टक्के’ असं म्हणेल त्याला नमस्कार, ते वकिलांनाही मना आहे आणि सीएंनाही. खर्च झेपत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या विधिक सेवा प्राधिकरणात जा, महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळतो, १५१०० वर फोन करा. टॅक्सचा जाणकार तिथे मिळेलच असं नाही, वारसाच्या कागदांना मात्र नक्की उपयोग होईल.

प्रश्न : २००९-१० असेसमेंट इयरची ८,४०० ची डिमांड मधेच गायब झाली. पुन्हा येईल का? — एक निवृत्त शिक्षक, सुदामा नगर

उत्तर : नाही हो सर. २०२४ च्या अंतरिम बजेटमधे २०१०-११ असेसमेंट इयरपर्यंतच्या २५,००० पर्यंतच्या जुन्या डिमांड माफ केल्या, एका माणसाला एकूण १ लाखाच्या मर्यादेत. तुमची त्यात बसली. एक स्क्रीनशॉट काढून ठेवा.