वाचनालयात मोफत चित्रपट दाखवायचा, तरी परवानगी लागते का?

प्रश्न : नागपुरात महाल भागात आमचे सार्वजनिक वाचनालय आहे. सभागृहात 80 खुर्च्या आहेत. तिथे 2011 चा ‘बालगंधर्व’ चित्रपट मोफत दाखवायचे ठरले, फलकही लागला. डीव्हीडी विकत घेतलेली आहे आणि नाट्यपदे तर शंभर वर्षांपूर्वीची. तरी एका सभासदाने कॉपीराइटची हरकत घेतली. कार्यक्रम तीन आठवड्यांवर आहे. काय करावे? – कार्यवाह

उत्तर : हरकत रास्त आहे. फलकावर आजच ‘परवानगी मिळाल्यास’ अशी पट्टी चिकटवा.

पदे जुनी आहेत हे खरे, पण त्याने काम भागत नाही. यातली बरीच पदे लिहिणारे नाटककार कृ. प्र. खाडिलकर 1948 साली गेले. लेखकाचा हक्क मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो, म्हणजे त्यांच्या पदांचे शब्द 2008 अखेर मोकळे झाले. ते शब्द उद्या कोणीही गावेत. तुम्ही मात्र पद गात नाही, चित्रपट दाखवता. त्याचा हक्क स्वतंत्र आहे आणि तो 2071 अखेरपर्यंत चालेल. डीव्हीडी घेतली म्हणजे प्रत तुमची झाली, लोकांना दाखवण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहिला. ओटीटीच्या वर्गणीचेही तेच. तिकीट नसल्याने यात फरक पडत नाही.

कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधली सूट बऱ्याच संस्था पुढे करतात. त्यातले पोटकलम (1)(ट), इंग्रजी प्रतीत ‘के’, नफा न कमावणाऱ्या मंडळाला ‘रेकॉर्डिंग ऐकवण्याची’ मुभा देते, चित्रपट दाखवण्याची नाही. त्याच्या आधीच्याच पोटकलमात ‘चित्रपट’ हा शब्द स्पष्ट आला आहे, पण ती सवलत शिक्षणसंस्थेला, आणि प्रेक्षकही विद्यार्थी, पालक, कर्मचारी आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक एवढेच हवेत. वाचनालयाच्या खुल्या कार्यक्रमाला यातले काहीच लागू पडत नाही. कलम 63 खाली उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या नफ्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण तो भरवसा धरून बसू नका.

डीव्हीडी लावली की सुरुवातीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते. तिथे चित्र थांबवून निर्मात्याचे नाव उतरवून घ्या आणि वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र पाठवा. तारीख, वेळ, सभागृहाचा पत्ता, 80 आसने, एकच खेळ, प्रवेश मोफत आणि कोणती प्रत लावणार, हे सगळे त्यात हवे. उत्तर सहीनिशी लेखी घ्या. ‘हो, दाखवा’ हे फोनवरचे बोलणे पुढे कामाला येत नाही. हक्क दुसऱ्याला विकले असतील तर निर्मात्याकडून त्याचे नाव लेखी मागा.

गाण्यांबद्दल वेगळे विचारायचे, हे बहुतेक जण विसरतात. चित्रपटगृहातल्या खेळापुरते गीतकार-संगीतकारांचे मानधन वेगळे द्यावे लागत नाही, पण वाचनालयाचे सभागृह म्हणजे चित्रपटगृह नव्हे. चित्रपटात नवी गीते किंवा नव्या चाली असतील, तर त्यांचा परवाना याच परवानगीत आहे की आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडून घ्यायचा, हे पत्रातच विचारा. सभागृहात चित्रपट दाखवण्याच्या परवान्याबद्दल जिल्हाधिकारी कार्यालयातही लेखी विचारून ठेवा.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधीपर्यंत उत्तर आले नाही, तर खेळ पुढे ढकला. तारीख फुकट घालवायची नसेल तर गावातल्या गायकांना बोलवा आणि पेटी-तबल्यावर खाडिलकरांची पदे प्रत्यक्ष गाऊन घ्या. मात्र चालीचा हक्क शब्दांहून वेगळा असतो, म्हणून चाल कोणाची आहे आणि तो संगीतकार कधी गेला, हे प्रत्येक पदापुढे लिहून यादी आधी तयार ठेवा.